जांभळं न झालेलं पाणी

१

"बाटल्या विसळायला आम्ही, बुचं शोधायला आम्ही, आणि काही गडबड झाली की चोरही आम्हीच. वा रे न्याय!"

हे पुटपुटणं मृदुला केतकरांना अगदी हातभरावरून ऐकू आलं. मधे फक्त आम्लाच्या बाटल्यांचं फडताळ होतं. पलीकडे कुरकुरत होता श्याम, प्रयोगशाळेचा मदतनीस. अलीकडे रसायनशास्त्राच्या केतकर बाई जमिनीवर उकिडव्या बसून गॅसची नळी कुठे गळतेय ते बघत होत्या, हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

"चोर कोण म्हणालं रे तुला?"

पलीकडे काचेवर काच आपटली. "अरे बाप रे! म्हणजे... बाई, तुम्ही होय? म्हटलं नाही अजून कुणी. पण शरच्चंद्र सर सकाळपासून माझ्याकडे असे बघतायत, तसं माझा सासराही कधी बघत नाही. आणि त्याच्याकडे तर कारणं आहेत."

कॉलेज चिंचवडचं, साल एकोणऐंशीचं, महिना मार्गशीर्षाचा. मृदुलाबाईंची पन्नाशी उंबऱ्यावर आलेली. नऊवारीतल्या सासूबाईंना मागे बसवून लूना चालवणाऱ्या बाई म्हणून गावात त्यांची ख्याती जास्त, रसायनशास्त्रामुळे कमी. पण त्या दिवशी कॉलेजात जी चोरी झाली होती ती लूनाची नव्हती आणि काचसामानाचीही नव्हती. चोरीला गेला होता एक रंग.

त्याचं असं झालं. पद्मजा ही बाईंची संशोधन करणारी विद्यार्थिनी. गेली दोन वर्षं ती प्लेटिंगच्या कारखान्यांजवळच्या विहिरी धुंडाळत होती. पुनावळ्याच्या पलीकडे बोरजाईवाडी म्हणून लहानशी वस्ती आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तिला पिवळसर दिसलं. धुणं धुणाऱ्या बायकांच्या बोटांवर खोल जखमा दिसल्या, दुखत नव्हत्या आणि भरतही नव्हत्या. तिनं पाणी आणून तपासलं. एक औषध आहे, त्याचे थेंब टाकले आणि पाण्यात विषारी क्रोमियम असलं की पाणी झर्रकन जांभळं होतं. बोरजाईवाडीचं पाणी पिकल्या जांभळासारखं झालं. वाडीच्या वरच्या अंगाला नंदकिशोरशेठांचा कारखाना होता, स्कूटरच्या हँडलांना क्रोमची चकाकी चढवणारा. पद्मजानं निबंध लिहिला, संशोधन पत्रिकेनं छापला, आणि शेठांच्या वकिलाची नोटीस कॉलेजात येऊन पडली. 'मुलीनं घरी बसून आकडे रचले आहेत.'

मग विभागप्रमुख शरच्चंद्र सरांनी तोडगा काढला. सगळ्यांच्या देखत पुन्हा पाणी काढायचं. रविवारी सगळे वाडीवर गेले. सरपंच रंगरावांनी स्वतःच्या हातानं बादली सोडली, बाटल्या भरल्या. बुचांवर लाख ओतून तीन जणांनी आपापल्या बोटांतल्या अंगठ्यांचे ठसे उमटवले, सरांनी, शेठांनी, रंगरावांनी. बाटल्या कॉलेजच्या कपाटात, किल्ली श्यामकडे.

सोमवारी सगळ्यांसमोर लाख फोडली. थेंब टाकले. वाट पाहिली.

पाणी पाणीच राहिलं.

"औषध शिळं झालंय का बघा," शेठ गोड आवाजात म्हणाले. पद्मजानं तेच थेंब प्रयोगशाळेतल्या क्रोमियमच्या द्रावणात टाकले. ते लगेच जांभळं झालं. औषधात काही खोट नव्हती. मग खोट कशात होती?

"शुक्रवारी समिती बसेल," सर आता बाईंना म्हणत होते. बाई फडताळामागून बाहेर आल्या आल्या सरांनी त्यांना गाठलं होतं. "एक तर कुणीतरी पाणी बदललं, नाहीतर विष कधी नव्हतंच. दुसरं खरं असेल तर तिचं संशोधन रद्द, नोंदणी रद्द. पुन्हा कुठलं विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही. तुमची विद्यार्थिनी आहे, मृदुलाबाई. चोर शोधा."

"आणि नाही सापडला तर?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कॉलेजचं नवं सभागृह उभं राहत होतं, त्याचं छत नंदकिशोरशेठांनी घालून दिलेलं.

"तर चोर सापडलाय असं समजून चालू," सर म्हणाले.

२

संशय ही चीज मोठी वाईट. दुधात विरजण पडावं तसं होतं, थेंबभर पडलं की पातेलंभर नासतं. त्या दिवशी बाईंना कॉलेजातलं प्रत्येक माणूस थोडं थोडं आंबट लागायला लागलं.

पहिला श्याम. किल्ली त्याच्याकडे, आणि त्याचा सख्खा भाऊ शेठांच्या कारखान्यात.

"आहे ना," श्याम म्हणाला, "नाकातून रक्त येतं त्याच्या. शेठ म्हणतात, तपकीर सोड. तो तपकीर ओढतच नाही. आता तुम्हीच सांगा बाई, मी त्या शेठसाठी पाणी बदलीन? बदललं असतं तर जांभळं डबल केलं असतं!"

"म्हणजे बदलायचा विचार आला होता मनात?"

श्यामनं कानाची पाळी पकडली. "बाई, तुम्ही परीक्षेत असेच प्रश्न काढता, म्हणून पोरं नापास होतात."

बाई हसल्या, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. फोडलेल्या लाखेचे तुकडे त्यांनी कचऱ्यातून वेचून आणले, टेबलावर जुळवले. तिन्ही ठसे स्वच्छ होते. कुठे दुसऱ्यांदा लाख ओतल्याची रेघ नव्हती.

दुसरे नंदकिशोरशेठ. ते आपल्या कारखान्याच्या कचेरीत बसले होते. मागच्या दारातून आंबट, घशात खवखवणारी वाफ येत होती आणि समोर चकचकीत हँडलांची रास होती. त्या राशीत बाईंना आपलाच चेहरा शंभर वेळा वाकडा दिसला.

"बसा बाई. चहा?"

"नको. शेठ, स्पष्टच विचारते. ते पाणी तुम्ही बदललंत का?"

शेठ रागावले नाहीत. उलट कौतुकानं मान हलवली. "तुम्ही हिशेबी आहात, मग हिशेब करा. बाटलीवर तीन अंगठ्या. माझी माझ्या बोटात. सरांची सरांच्या. रंगरावांची रंगरावांच्या. बाटली बदलायची तर तिघांनी मिळून बदलायला हवी. सर माझ्या कटात आहेत असं म्हणता का?"

बाईंना क्षणभर तसं म्हणावंसं वाटलं. छत आठवलं. पण सर भित्रे होते, लबाड नव्हते. भित्रा माणूस असलं काम करायला गेला तर त्याच्या हातून लाख सांडते.

"तुम्ही रविवारच्या आधी वाडीवर गेला होता?"

"गेलो होतो. अभिनंदन करायला. रंगरावांच्या रंभाचं जमलंय ना, तळेगावच्या घराण्यात. चांगली माणसं आहेत." शेठांनी एक हँडल उचललं, रुमालानं पुसलं. "मुलीच्या बापाला लोक काय काय बोलतात याची फार काळजी असते, बाई. तुम्हाला माहीतच असेल."

बाईंना मुलगी नव्हती. पण वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

तिसरी पद्मजा. हा प्रश्न विचारायला बाईंना सगळ्यात जास्त वेळ लागला. दोघी प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसल्या. समोरच्या चिंचेखाली पोरं क्रिकेट खेळत होती.

"पद्मजा, ते पहिले आकडे..."

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. कारण शुक्रवारी मी तुझ्या बाजूनं उभी राहणार आहे, आणि तेव्हा मला हा प्रश्न कुणी विचारला तर माझी नजर खाली जाता कामा नये."

पद्मजानं पायरीवरचा एक खडा उचलून चिंचेकडे भिरकावला. मग म्हणाली, "आकडे खरे आहेत. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. रविवारी रंगरावांनी बादली वर ओढली ना, तेव्हाच पाणी पिवळं नव्हतं."

"काय?"

"जरासं मळकट, करड्या छटेचं होतं. पण पिवळं नव्हतं. बाटलीत भरायच्या आधीच."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सगळे माझ्याकडे बघत होते, बाई. मला वाटलं, माझे डोळेच खोटं बोलतायत."

मृदुलाबाई पायरीवरून उठल्या. बाटल्या, किल्ली, लाख, अंगठ्या, सगळं एका क्षणात निरर्थक झालं होतं. रंग बाटलीतून चोरीला गेला नव्हता. तो विहिरीतूनच गेला होता.

३

वाडीवर जायचा रस्ता म्हणजे लूनाची सत्त्वपरीक्षा. बाई पोचल्या तेव्हा साडीवर अर्धं पुनावळं बसलं होतं.

विहिरीवर चार-पाच बायका होत्या. लांबून त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. लूना दिसली आणि कुणीतरी नळ बंद करावा तसा तो थांबला. एकीनं कळशी उचलली, दुसरीनं चुंबळ, आणि बघता बघता विहीर मोकळी झाली.

बाईंनी कठड्याला हात टेकला तर पांढरा झाला. ताजा चुना! बोरजाईवाडीत देवळाला चुना नव्हता, शाळेला नव्हता, आणि विहिरीला मात्र हळदीच्या नवरीसारखं नटवलं होतं. कडेला लोखंडी बादली पालथी पडली होती. बाईंनी ती सुलटी केली. आतून काळीभोर, पेनाची दौत उपडी झाल्यासारखी. बोट फिरवलं तर बोटही काळं. गंज असा नसतो. गंज तांबूस असतो.

"काय हुडकताय बाई?"

रंगराव. पागोटं नीट बांधलेलं, मिशा नीट विंचरलेल्या, डोळे मात्र रात्रभर न मिटलेले.

"पाण्याचा रंग हुडकतेय."

"पाण्याला कसला आलाय रंग? रविवारी समद्यांनी बघितलं न्हवं? आमच्या हिरीला काय धाड भरलीया? तुमची ती पोरगी येती, बाया-बापड्यांची बोटं बघती, काय बी लिवती. आन् नाव आमचं खराब हुतं."

"मला एक बाटली पाणी द्याल?"

"पंचांम्होरं दिलंय एकदा. आता न्हाई." मग जरा ओशाळून म्हणाले, "राग मानू नगा. घरला चला, गूळ-शेंगा खा. पाणी सोडून काय बी मागा."

ओसरीवर रंगरावांची बायको यशोदाबाई धान्य पाखडत होती. आतल्या दारात रंभा उभी होती. उंच, सावळी, नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीसारखी, सगळ्यांच्या नजरा चुकवणारी. दोन्ही हात पदराखाली.

"हाताला काय झालं गं?" बाईंनी सहज विचारलं.

"भाताची वाफ लागली," यशोदाबाई पटकन म्हणाली.

"सोड्यानं हुतं, धुण्याच्या," रंगराव त्याच क्षणी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुपातले दाणे थांबले. रंभा आत गेली.

 बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मागच्या टेकडीकडे पाहत राहिल्या. टेकडीवर आवळीची झाडं होती, चांगली वीस-पंचवीस. कार्तिकात आवळीभोजनाला पुनावळ्याची माणसं इथंच येत असत. मार्गशीर्ष म्हणजे आवळे ऐन भरातले. पण झाडं ओकीबोकी होती. एक फळ नाही. खालच्या फांद्या तर करकचून तोडलेल्या.

"आवळे विकले वाटतं यंदा?"

यशोदाबाईचं सूप हातातून निसटलं.

"व्हय," रंगराव म्हणाले, "विकलं. कधीचंच."

"कुणाला?"

 दाणे जमिनीवर लांबपर्यंत घरंगळत गेले, आणि ओसरीवरच्या कुणीही ते वेचायला हात पुढे केला नाही.

"बेस्तरवारी पाव्हणं यायचं हायती," रंगराव शेवटी उठून म्हणाले, "तळेगावचं दत्तोबा, नवऱ्याचं चुलतं. लग्नाची तारीख धरायला. तवर बाई, आमच्याकडं येऊ नगा. हात जोडतो."

सरपंच हात जोडून उभे होते. आणि ते माजोरीनं जोडलेले नव्हते, भीतीनं जोडलेले होते. ते बघून बाईंना त्यांच्यावर संशय घेणं फार जड गेलं. तरी त्यांनी घेतला.

४

कॉलेजात परत येताच बाईंनी पद्मजाला हाक मारली. "पहिल्या खेपेचं पाणी उरलंय का?"

"थोडं आहे. शिसीत."

"आण. आणि रविवारचंही आण. आज रंगाला विसरायचं. आज फक्त मीठ बघायचं."

प्रत्येक विहिरीच्या पाण्याला आपापली चव असते, माणसाच्या बोलण्याला असते तशी. खारटपणा, जडपणा, ही तिची ओळख. रंगरावांनी हातचलाखीनं नदीचं किंवा टँकरचं पाणी बादलीतून वर आणलं असतं, तर ही ओळख बदलली असती. दोन्ही पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले. दोन्हींत दह्यासारखा पांढरा साका धरला, अगदी सारखा. साबणाचा फेसही दोन्हींत तेवढाच कमी आला.

"म्हणजे हे त्याच विहिरीचं पाणी," पद्मजा म्हणाली. चेहरा पडला होता. "कुणीच बदललं नाही. मग मीच खोटी."

"गप गं. विचार करू दे."

पण विचार प्रयोगशाळेत आला नाही. तो संध्याकाळी घरी आला, विळीवर. सासूबाईंना मोरावळा हवा होता. बाई आवळे चिरत होत्या आणि सासूबाई पाटावरून देखरेख करत होत्या.

"लोखंडी विळीवर नको चिरूस म्हटलं होतं मी. बघ, पातं कसं शाईसारखं काळं झालं! आता तुझा मोरावळाही काळा होणार. एवढं शिकलीस गं, पण..."

बाई विळीच्या पात्याकडे बघत राहिल्या. मग हातातला आवळा ताटात टाकून उठल्या आणि सासूबाईंच्या दोन्ही गालांना हात लावून बोटं मोडली.

"वेडी झाली ही," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारच्या पाण्यात लोहक्षाराचा एक थेंब पडला. पाणी शाईसारखं निळंकाळं झालं.

"आवळा," बाई म्हणाल्या. "आवळ्यातलं तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की असा रंग येतो. विळी काळी होते, बादली काळी होते. पद्मजा, आवळा आणखी काय करतो?"

पद्मजाचे डोळे मोठे झाले. "क्रोमियमला... बाई, आवळ्यातलं आम्ल क्रोमियमचं रूप बदलतं! पिवळं विषारी रूप जातं, हिरवट मंद रूप येतं. आणि त्या रूपाला आपलं औषध ओळखतच नाही!"

"मग त्याचं पहिलं रूप त्याला परत दे."

दुसरं एक जहाल औषध घालून पाणी उकळलं, गार केलं. मग नेहमीचे थेंब टाकले. शिसीच्या तळापासून जांभळा रंग असा वर चढला की श्याम दारातून ओरडला, "आलं! आलं!" आणि हातातलं विसळलेलं चंचुपात्र फोडून बसला.

रंग चोरीला गेलाच नव्हता. त्यानं फक्त वेष बदलला होता.

शरच्चंद्र सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. शिसी उजेडात धरून फिरवली. त्यांच्यातला म्हातारा रसायनशास्त्रज्ञ क्षणभर खुशीत हसला. मग विभागप्रमुख परत आला.

"सुरेख. पण समितीत शेठांचे वकील असणार. ते म्हणतील, हे मंद रूप मातीतही असतं. ते म्हणतील, आवळ्याची गोष्ट बाईंनी स्वयंपाकघरातून आणली. विहिरीत आवळा टाकला हे कोण सांगणार? आणि आधी पाणी पिवळं होतं हे? वाडीतलं एक माणूस आणा, मृदुलाबाई. एकच. जो म्हणेल की हो, विहीर नासलीय."

बाईंच्या डोळ्यांपुढे जोडलेले हात आले.

"सर, असं म्हणणाऱ्या वाडीत पुन्हा कुणी मुलगी देणार नाही आणि तिथली मुलगी कुणी करणार नाही."

"मग पद्मजाला सांगा तसं," सर म्हणाले.

पद्मजा दारातच उभी होती.

५

गुरुवारी, पाहुणे जेवून निघाले असतील असा अंदाज करून, बाई लूनावर पद्मजाला मागे बसवून वाडीवर गेल्या. रंगरावांना बाजूला घेऊन बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका पोरीला वाचवताना दुसरीचं लग्न मोडायचं नाही, याची शपथच त्यांनी मनाशी घेतली होती.

पण अंगणात शेठांची जीप उभी होती.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली. मधोमध तळेगावचे दत्तोबा, पांढरंशुभ्र धोतर, हातात पानाचा डबा. शेजारी पेढ्यांचा पुडा घेऊन नंदकिशोरशेठ. दारांतून, खिडक्यांतून वाडीच्या बायका. बाईंना बघताच रंगरावांचा चेहरा राख झाला.

"या बाई," शेठच म्हणाले, घर आपलंच असल्यासारखं. "पुन्हा चौकशी वाटतं?"

"रंगराव, जरा बाजूला येता?"

"बाजूला कशाला?" दत्तोबांनी पान चघळता चघळता विचारलं. "ह्या कोन बाई? आन् कसली चवकशी?"

आता रंगराव कोंडीत सापडले. बाजूला गेले तर संशय, बसून राहिले तरी संशय. ते ताठ झाले.

"काय न्हाई पाव्हणं, ह्या कालेजातल्या बाई हायती. आमच्या हिरीवर त्यांचा डोळा हाय. बाई, जे काय असंल ते हितंच बोला. समद्यांम्होरं."

बाईंनी पद्मजाकडे पाहिलं. मग सतरंजीच्या कडेला बसल्या आणि वर्गात शिकवतात तसं, आवाज न चढवता, बोलू लागल्या.

"बाटल्या कुणी बदलल्या नाहीत. शेठांनी नाहीत, श्यामनं नाहीत. रंगरावांनी बादलीत फसवणूक केली नाही. पाणी ह्याच विहिरीचं होतं. पण रविवारच्या आधी कुणीतरी विहिरीत आवळा टाकला, पोत्यांनी. आवळीच्या फांद्याही. टेकडीवरची झाडं एका माणसाला एका दिवसात ओरबाडता येत नाहीत, त्याला वाडीभर हात लागतात. म्हणून मी एका चोराला शोधत होते तिथंच चुकले. विहीर गढूळ झाली की तिच्यात आवळी टाकायची, ही तुमची जुनी रीत ना? पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तशी तुम्ही विहीर सारवलीत. चुना लावलात, आवळा टाकलात. पिवळेपणा गेला. तुम्हाला वाटलं, विहीर शुद्ध झाली."

खिडकीतल्या बायकांत कुजबूज झाली आणि थांबली.

"पण ती शुद्ध झाली नाही. वरून कारखान्याचं पाणी रोज मुरतंय, आवळा एकदाच पडला. पिवळेपणा परत येणार. आलाही असेल."

"कथा छान आहे," शेठ म्हणाले. "आणि यात माझा गुन्हा कोणता?"

"तुम्ही विहिरीला हात लावला नाहीत, शेठ. तुम्ही अभिनंदन करायला आलात आणि एका बापाच्या कानात सांगून गेलात की विहीर बदनाम झाली तर सोयरीक मोडेल. पुढचं सगळं भीतीनं केलं. आज पेढे घेऊन आलात, ते ही भीती नीट उकळतेय ना, हे बघायला."

शेठांनी पुडा सतरंजीवर ठेवला. 

दत्तोबांनी पानाची पिंक अंगणात टाकली. "रंगराव, बाई म्हनत्यात ते खरं का?"

 वाडीतल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. प्रत्येकानं दुसरीकडे पाहिलं. एका म्हातारीनं तर डोळे मिटून घेतले.

"खोटं हाय," रंगराव म्हणाले. आवाज फाटला होता. "साफ खोटं. त्या पोरीनं लिवलेलं निभावून न्यायाला ह्यांनी रचलंय. दत्तोबा, तुमचा इस्वास न्हाई ना? थांबा. यशोदे! हिरीचं पाणी आन. आत्ताचं, ताजं शेंदलेलं. पाव्हण्यांना दे प्यायला. समद्यांम्होरं दे!"

पद्मजानं बाईंचा हात घट्ट धरला. बाई उठू लागल्या, पण शेठ मधे आले. "बसा बाई. घरच्यांचं घरच्यांना करू द्या."

यशोदाबाई विहिरीकडे गेली. रहाटाची कुरकुर ऐकू आली, मग थांबली. ती परत आली तेव्हा हातात तांब्या होता, घासून लखलखीत केलेला, वर फुलपात्र. ती चालत होती की कुणी तिला ढकलत होतं, कळत नव्हतं. तिनं पाणी फुलपात्रात ओतलं. पात्र दत्तोबांपुढे धरलं.

दत्तोबा मोठे रीतीचे गृहस्थ. विहीणबाईंच्या हातचं पाणी नाकारणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांनी दोन्ही हातांनी पात्र घेतलं, कपाळाला लावलं, आणि ओठांकडे नेलं.

"यशोदे, आत जा," रंगराव म्हणाले.

ती आत गेली नाही. तिनं एकदा दारातल्या रंभाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग पुढे झुकून, साऱ्या वाडीच्या देखत, परपुरुषाचं मनगट पकडलं. फुलपात्र हिंदकळलं. पाणी दत्तोबांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं.

"पिऊ नगा, पाव्हणं," ती म्हणाली. "आमच्या हिरीत इख हाय."